भिंतीवरचं रान कसं पाहावं

पाऊस ओसरायला लागला की कासच्या पठाराकडे गाड्यांची रांग लागते. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कासही होतं, आणि पठाराचं नाव घरोघरी पोचलं. पठार आहेच तसं. पण त्याच आठवड्यात आपल्या सोसायटीच्या कुंपणभिंतीवर, विहिरीच्या आतल्या अंगाला, एसटी स्टँडमागच्या फरशीच्या फटीत काय चाललंय, तिकडे कुणी वळून बघत नाही. तिथे माती नावापुरती, खत नाही, पाणी घालणारं कुणी नाही. तरी तिथे फुलं येतात, बी धरतं, पिढ्या होतात.

ते कसं पाहायचं, याची पद्धत इथे क्रमाने सांगतो. या सगळ्यामागे एकच गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो. नुसतं "किती गोड फूल!" म्हणून नजर फार वेळ टिकत नाही, दोन मिनिटांत आपण उठतो. नजर टिकते ती प्रश्नामुळे, आणि विचारायचा प्रश्न एकच: हे इथे तगलं कसं? उत्तर शोधायला वाकलं की बारीक रचना दिसू लागते, आणि सौंदर्य त्या रचनेतच असतं.

पायरी १: एक जागा धरा

फिरत फिरत सगळं पाहू नका. रोज जिथून जाता-येता तिथलीच एक जागा धरा, एक वीत लांब आणि एक वीत रुंद. खडूने चार कोपरे खुणावून ठेवले तरी चालेल.

कुठली जागा चांगली? जुना चुना किंवा सिमेंट सुटत आलेली भिंत, गळक्या पन्हळीच्या खालचा भाग, एसीचं पाणी ठिबकतं तो कोपरा, भिंत जमिनीला टेकते तिथली धूळ साचलेली रेघ. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत थंडीतही सावलीत राहते, म्हणून तिथे ओल आणि शेवाळ जास्त दिवस टिकतं. कोकणात आणि गोव्यात असाल तर नशीबवान आहात. जांभ्याच्या चिऱ्याला मुळात भोकं असतात, त्यांत माती आणि पाणी दोन्ही धरून राहतं. घराभोवतीचा जुना गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, ही यासाठी फार उत्तम जागा. देशावर काळा दगड आहे, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो गुळगुळीत आणि तापणारा, पण दोन दगडांमधल्या सांध्यात, बांधावर, विहिरीच्या पायऱ्यांवर हवं तेवढं सापडतं. दहाव्या मजल्यावर राहत असाल तर गच्चीतल्या पाणी जाण्याच्या भोकाजवळ बघा, कुंडीच्या बाहेरच्या अंगाला बघा, पार्किंगमधल्या पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत बघा.

नव्याने ऑइलपेंट मारलेल्या भिंतीपाशी मात्र वेळ घालवू नका.

पायरी २: भिंग आणि ते धरायची रीत

दहापट मोठं दाखवणारं छोटं घडीचं भिंग घ्या, सराफ वापरतात तसं. काहीशे रुपयांत मिळतं. बहुतेक जण भिंग हात लांब करून वस्तूवर धरतात आणि "धूसर दिसतंय" म्हणून ठेवून देतात. रीत उलटी आहे. भिंग डोळ्याच्या अगदी जवळ, जवळजवळ पापण्यांना लागेल असं धरा आणि मग वस्तू भिंगाकडे आणा. वस्तू भिंतीला असेल तर स्वतःच पुढे सरका. साधारण अडीच सेंटिमीटरवर आलात की चित्र एकदम स्वच्छ होतं. भिंग धरलेल्या हाताची करंगळी गालाला टेकवली की थरथर थांबते.

भिंग नसेल तर दुर्बिणीच्या मोठ्या काचेला डोळा लावा आणि लहान काच वस्तूजवळ न्या, तीही भिंगाचं काम करते. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलना मॅक्रो असतं. आणखी खोल जायचं असेल तर फोल्डस्कोप हा कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक आहे. मूळचे मेरठचे असलेले मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केला. भिजवलेलं शेवाळ पिळून निघालेल्या पाण्याचा एक थेंब त्याखाली ठेवा. नशीब असेल तर जलअस्वल दिसेल: आठ आखूड पायांचा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान जीव. शेवाळ वाळलं की हाही आक्रसून, सुकून पडून राहतो आणि पाणी मिळालं की पुन्हा चालू लागतो. २००७ साली असे सुकलेले जीव यानातून अंतराळात नेले होते. तिथल्या निर्वात पोकळीतून परत आल्यावर त्यांतले बरेच जिवंत निघाले. आपल्या भिंतीवरच्या शेवाळात त्यांचे भाऊबंद राहतात.

पायरी ३: वेळ साधा

या छोट्या मंडळींची वेळापत्रकं काटेकोर असतात. केना या पावसाळी रोपाचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत विरघळल्यासारखं मिटून जातं. ऑफिसला जाताना पाहिलं नाही, तर परतताना ते सापडत नाही. घोळ या पालेभाजीची पिवळी फुलं ऊन चांगलं वर आलं की उघडतात आणि थोड्याच तासांत मिटतात. आंबुशी आणि टाकळा रात्री पानं मिटून घेतात. म्हणून आपली जागा एकदा सकाळी, एकदा दुपारी आणि एकदा रात्री टॉर्च घेऊन पाहा. तीच जागा तीन वेळा पाहणं हे तीन जागा पाहण्यापेक्षा खूप जास्त शिकवतं.

पहिल्या बैठकीत दहा मिनिटं काहीच करू नका. नाव शोधू नका, फोटो काढू नका. सुरुवातीला नुसता हिरवा डाग दिसतो. मग त्यात दोन हिरवे रंग वेगळे होतात, मग तीन, मग एखादी मुंगी येते आणि तिच्या वाटेवरून डोळा फिरू लागतो. ही दहा मिनिटं टाळली, तर पुढचं सगळं नुसतं नावं गोळा करणं होऊन बसतं.

पायरी ४: "हे इथे तगलं कसं?"

प्रश्न मोठा वाटला तर त्याचे तुकडे करा. पाणी कुठून मिळतं? धरून कशाला राहतं? तुडवलं, कापलं तर काय करतं? आणि पुढची पिढी कुठे पाठवतं?

पाण्यापासून सुरुवात करू. भिंतीवरचं शेवाळ, म्हणजे ते मखमली हिरवं अंथरूण, त्याला खरी मुळं नसतात. बारीक धाग्यांनी ते नुसतं धरून असतं, पाणी सगळ्या अंगाने पितं आणि सगळ्या अंगाने गमावतं. साठवण नाही, त्यामुळे वाळायला वेळ लागत नाही. पण वाळणं म्हणजे मरणं नव्हे, हे त्याला साधलेलं आहे. पेशींतलं बहुतेक पाणी जातं, सगळं कामकाज थांबतं, आणि पाणी आलं की तिथूनच पुढे सुरू होतं.

घोळाची रीत अगदी वेगळी. पानं आणि खोड मांसल, पाणी धरून ठेवणारं. शिवाय पाण्याचा ताण पडला की हे झाड श्वासाची वेळच बदलतं. दिवसा पानांची रंध्रं उघडली की पाणी उडतं, म्हणून ती बंद ठेवायची, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा ऊन आलं की वापरायचा. तहानलेला घोळ पहाटे जास्त आंबट लागतो तो या साठवलेल्या आम्लामुळे. पाणी मुबलक असताना हेच झाड दुसऱ्या, जास्त वेगाच्या पद्धतीने वाढतं. दोन्ही पद्धती बाळगणारी झाडं जगात फार थोडी आहेत, आणि त्यांतलं एक आपण जुडीच्या भावाने विकत घेतो.

धरून राहण्यात नेच्यांना, म्हणजे फर्नना, तोड नाही. जुन्या विहिरीत काळ्याभोर, चकाकत्या देठांचा हंसराज पाहिला असेल. त्याच्या पानावर पाणी टाका, ओलं होत नाही, थेंब घरंगळून जातो. पान उलटं केलं की कडेला दुमडीखाली तपकिरी रेघ दिसते, ती बीजाणूंची. आता एक शोधायची गोष्ट सांगतो, जी पाहिलेली माणसं फार कमी भेटतात. बीजाणू भिंतीवर पडला की त्यातून लगेच नेचा उगवत नाही. आधी एक हिरवी, चपटी, बदामाच्या आकाराची पाकळी उगवते, करंगळीच्या नखापेक्षाही लहान आणि ओल्या भिंतीला चिकटलेली. तिच्या खालच्या अंगाला पाण्याचा पातळ पडदा असेल तरच नर पेशी पोहत मादी पेशीपर्यंत जातात आणि मग खाचेतून नेच्याचं पहिलं पान डोकं काढतं. नेच्यांच्या आसपास, सतत ओल्या राहणाऱ्या सिमेंटवर किंवा विटेवर भिंग फिरवा. सापडली की सोडवत नाही.

आणि दगडफूल. गोड्या मसाल्यात घालतो तेच, आणि त्याचे अनेक नातेवाईक. आंब्याच्या, माडाच्या, पोफळीच्या खोडावर पांढरट-करडे-हिरवट चट्टे असतात ना, तेही याच गोतातले. हे एक झाड नसून बुरशी आणि शैवाल (सूक्ष्म हिरवे जीव, वर सांगितलेलं मखमली शेवाळ नव्हे) यांचा जोडसंसार आहे. बुरशी घर आणि ओल सांभाळते, शैवाल उन्हातून अन्न करतं. एकेकटे दोघंही उघड्या दगडावर टिकणार नाहीत, जोडीने ते कातळावर उन्हाळे काढतात. चट्ट्यावर पाणी शिंपडा, करडा रंग पाहता पाहता हिरवा होतो. वरचा थर भिजून पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. बरेच बागायतदार हे चट्टे म्हणजे रोग समजून खोड खरवडतात. दगडफूल झाडातून अन्न घेत नाही, सालीचा आधार तेवढा घेतं. खरवडण्याने सालीलाच इजा होते.

तुडवलं जाणं हे रस्त्याकडेच्या प्रत्येक रोपाचं रोजचं भागधेय. एकदांडीकडे पाहा, हिलाच कुठे दगडी पाला तर कुठे कंबरमोडी म्हणतात. खोड जमिनीलगत पसरतं, त्याला पाय लागला तरी फरक पडत नाही, आणि फूल मात्र एका लांब दांडीवर उंच. ते "फूल" भिंगाखाली धरा. मधला पिवळा भाग म्हणजे दाटीने बसलेली अनेक फुलं, प्रत्येकाला पाच पाकळ्यांची इवलीशी घंटा, आणि कडेच्या फिक्या, तीन दात्यांच्या पाकळ्या ही प्रत्येकी एकेक फूल. फुलपाखरं या झाडावर इतकी का रेंगाळतात, ते तेव्हा कळतं. दुर्वा हे याचं दुसरं टोक. गणपतीला वाहतो त्या दुर्वा आणि शेतकरी ज्या हरळीपुढे हात टेकतो ती, एकच. जमिनीवर धावणारी खोडं, जमिनीखालीही खोडं, आणि प्रत्येक पेऱ्यापाशी नवं झाड व्हायची तयारी. कुदळीने तुकडे केले तर तुकड्यांइतकी झाडं होतात. पण तिचा फुलोरा कुणी पाहिलेला असतो? बोटांसारख्या चार-पाच काड्या एका टोकाशी जुळलेल्या, आणि भिंगातून पाहिलं तर त्यांवर जांभळे, पिसासारखे तुरे आणि वाऱ्यावर लोंबणारे परागकोश. पूजेच्या जुडीत हा फुलोरा नसतो, म्हणून मुद्दाम मैदानाच्या कडेला जाऊन बघा.

आता पुढची पिढी. इथे मला सगळ्यांत जास्त वेळ केन्यापाशी थांबावंसं वाटतं.

केना पावसाळ्यात कुठेही उगवतो, त्याची भाजी करतात, भजी करतात. दुमडलेल्या, नरसाळ्यासारख्या हिरव्या खोळीतून रोज नवं फूल बाहेर येतं. दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, तिसरी लहान आणि फिकी. वरच्या बाजूला तीन पिवळेधमक पुंकेसर दिसतात, पण ते नुसते कीटकांना बोलावण्यापुरते. कामाचे पराग खालच्या तीन पुंकेसरांत असतात, वाकून पुढे आलेले. खोळ हलकेच दाबली तर बऱ्याचदा आतून चिकट पाण्याचा थेंब येतो, कोवळ्या कळ्या त्यात ओल्या राहतात. हे सगळं जमिनीवरचं. आता जुन्या रोपाच्या बुंध्याशी माती बोटाने अलगद बाजूला करा. पांढुरक्या कोंबांवर मातीतच फुलं असतात. ती कधीच उमलत नाहीत. मिटल्या मिटल्याच आपल्याच परागांनी फळतात आणि त्यांचं बी जमिनीखालीच तयार होतं, वरच्या बियांपेक्षा मोठं. वरचं फूल कीटकांवर भरवसा ठेवून नवं काही आजमावतं, खालचं फूल हमखास बी देतं. वरचा सगळा पाला गुरांनी खाल्ला, विळ्याने कापला, तरी पुढच्या वर्षीची तजवीज मातीत झालेली असते. पाहून झालं की माती परत सारखी करा.

इतरांच्या रीती थोडक्यात. आंबुशीची पिकलेली शेंग बोटाने नुसती शिवा, बिया फटाफट उडतात. तेरड्याचंही तसंच. आघाड्याची टोकदार फळं दांडीवर खाली तोंड करून असतात, कपड्याला धरतात आणि श्रावणात पत्री गोळा करणाऱ्यांच्या पदरासोबत गावभर फिरतात. पुनर्नवा, म्हणजे घेटुळी, हिची फळं चिकट. उन्हाळ्यात ही जमिनीवरून नाहीशी होते आणि खोल मुळातून पावसाला पुन्हा वर येते. घोळाचं फळ डबीसारखं असतं, वरचं झाकण निघतं आणि आत काळ्या बिया.

पायरी ५: दोन प्रयोग

पहिला शेवाळाचा. कोरड्या दिवसांत भिंतीवरचं काळपट, करपलेलं दिसणारं शेवाळ निवडा. खरवडून आणू नका, तिथेच भिंग लावा. पानं आत वळून काडीसारखी झालेली असतील. आता पाण्याचा एक थेंब बोटावरून त्यावर सोडा आणि डोळा हलवू नका. काही सेकंदांत पानं सरळ होऊ लागतात, बाहेर वळतात, आणि पाहता पाहता काळ्या काड्यांच्या जागी हिरव्या चांदण्या उघडतात. घाई करून भांडंभर पाणी ओतलं तर ही हालचाल दिसत नाही, एकच थेंब टाका.

दुसरा कुसळीचा. दिवाळीच्या सुमारास माळरानावर कुसळी गवत पिकतं, तिथून चालून आलात की पायजम्याला कुसळं टोचलेली असतात. त्यांतलं एक घ्या. टोकाला बी, त्यावर मागे वळलेले कडक केस, आणि मागे लांब, पिळलेली, मधे गुडघ्यासारखी वाकलेली शेपटी. ते कागदावर ठेवून शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. शेपटीचा पीळ सुटू लागतो आणि सगळं कुसळ फिरतं. वाळलं की पुन्हा उलट पीळ पडतो. जमिनीवर पडलेलं कुसळ पहाटेच्या दवाने आणि दुपारच्या उन्हाने असं फिरत राहतं, बी मातीत रुतत जातं, आणि मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. बी स्वतःला पेरतं, तेही आईच्या झाडापासून तुटल्यावर. मला हे पाहताना अजूनही नवल वाटतं.

पायरी ६: वही

एक साधी वही ठेवा. तारीख, वेळ, ऊन की ढग, आणि त्या दिवशी पाहिलेली एकच गोष्ट. चित्र काढा, कितीही वेडंवाकडं आलं तरी. पानाची कड दातेरी आहे की सरळ, हे चित्र काढतानाच दिसतं, फोटोत ते निसटून जातं. फोटो काढाल तेव्हा शेजारी नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. दगडफुलाच्या एका चट्ट्याचा फोटो दरवर्षी एकाच तारखेला, तेच नाणं ठेवून काढा. बऱ्याच जाती वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात, काही तर त्याहूनही कमी. घरात मूल असेल तर त्याच्या वाढदिवसाची तारीख धरा.

नावासाठी आधी माणसांना विचारा: भाजीवाल्या मावशी, गुराखी, गावाकडची आजी, निंदणीला जाणाऱ्या बाया. कुठली पालेभाजी, कुठली गुरं खात नाहीत, कुठली जखमेवर चोळायची, हे त्या बसल्या जागी सांगतात. एकाच झाडाला तालुक्यागणिक वेगळं नाव असतं, म्हणून नावाबरोबर गावही लिहा. मग आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाका: एक पूर्ण रोपाचा, एक फुलाचा, एक पानाच्या खालच्या बाजूचा. नुसत्या फुलाच्या फोटोवरून ओळख पटवणं जाणकारांनाही जड जातं.

पायरी ७: वर्षभर काय पाहायचं

पावसाची नक्षत्रं इथे फार सोयीची पडतात. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मोकळ्या मातीवर मृगाचा किडा दिसतो, लालभडक आणि मखमली. हा कीटक नाही, कोळ्यांच्या गोतातला आहे, पाय मोजा, आठ भरतात. वर्षाचा बहुतेक काळ तो जमिनीत काढतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. देशात काही भागांत औषधी तेलासाठी हे किडे गोळा करतात. तुम्ही हातावर घेऊन पाहा आणि तिथेच सोडा.

पुनर्वसूपासून मघांपर्यंत भिंत सर्वांत भरलेली असते, तेव्हा वर सांगितलेलं बहुतेक सगळं एकाच वितीत सापडू शकतं. भाद्रपदात, कोकणात तेरड्याची गौर येते त्या सुमाराला, सडे, म्हणजे कातळाची पठारं, फुलतात. कासलाच जायला हवं असं नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी गावांच्या माथ्यावर सडा आहे. कातळावरच्या बोटभर मातीत पोषण नसल्यातच जमा, म्हणून तिथली काही झाडं कीटक खातात. सीतेची आसवं ही निळी-जांभळी नाजूक फुलं ओल्या मातीत पसरतात, त्यांच्या पिशव्या मातीखाली सूक्ष्मजीव आत ओढतात. दवबिंदूच्या पानांवरचे चमकणारे थेंब चिकट असतात. सड्यावर चालताना उघड्या कातळावरून किंवा मळलेल्या वाटेनेच जा. फुलांत लोळून फोटो काढणाऱ्यांना नम्रपणे उठवा.

हस्त उलटला की पहाटे दवाने भिजलेली कोळ्यांची जाळी, आणि गवतांचे फुलोरे. थंडीत दगडफूल आणि एकदांडी.

उन्हाळ्यात काही नसतं असं समजू नका. देवळाच्या ओवरीत, गोठ्यात, पाऊस न लागणाऱ्या भुसभुशीत धुळीत बोटभर रुंदीचे उलट्या शंकूसारखे खड्डे असतात. तळाशी मुंगीसिंहाची अळी दबा धरून बसलेली असते. खड्ड्याचा उतार ती असा राखते की पाय पडताच वाळू घसरावी. मुंगी निसटू लागली तर अळी डोक्याने वाळूचे फवारे उडवते. आठवडेच्या आठवडे उपाशी राहायची तिची तयारी असते. यातूनच पुढे चतुरासारखा दिसणारा, संथ उडणारा कीटक होतो. आणि भर मे महिन्यात डांबराच्या कडेला हिरवीगार उभी असलेली रुई पाहा. पानावरची पांढरी भुकटी बोटाला लागते, तो मेणाचा थर पाणी राखतो. पानांच्या खाली काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी शोधा. ती पान खाण्याआधी शीर कुरतडते, त्यामुळे पुढच्या भागातला चीक थांबतो आणि मग ती निवांत जेवते. मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना खालची बाजू बघून तोडावीत, एवढंच मागणं.

हे सांभाळा

फटीत, गडग्याच्या बिळात, दगडाखाली हात घालू नका. कोकणात दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो, इंगळी, म्हणजे विंचू, तर कुठेही. काठीने आधी चाचपा, रात्री टॉर्च आणि बूट हवेतच. पावसाळ्यानंतर शेंगांवर तपकिरी लव असलेल्या वेलीपासून लांब राहा, ती खाजकुइली. रस्त्याकडेची, गटाराजवळची कुठलीही रानभाजी ओळखीची वाटली तरी खाऊ नका.

गाजर गवताबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. १९५०च्या दशकात पुण्यात हे पहिल्यांदा नजरेत आलं आणि देशभर पसरलं. चिवटपणात त्याचा हात कुणी धरणार नाही, पण त्याने अनेकांना त्वचेचे आणि श्वासाचे त्रास होतात आणि ते इतर झाडांना जागा ठेवत नाही. तगून राहणाऱ्या प्रत्येकाला जपायचंच असं नाही. हे फुलण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटा. उपटण्याआधी पानं बघा. फिकट अंगावर तपकिरी रेघांचे छोटे भुंगे असतील, तर ते १९८४च्या सुमारास याच गवतासाठी मेक्सिकोतून आणून सोडलेल्या भुंग्यांचे वंशज आहेत. ते असतील तर तेवढी रोपं त्यांना सोडा, ती ते स्वतःच संपवतील.

आणि भिंत धुण्याचा विषय. दिवाळीआधी सोसायटीत रंगकाम निघतं, प्रेशरचा पाइप फिरतो आणि सगळं जातं. मीटिंगमध्ये बोला. सगळी भिंत मागू नका, मागच्या बाजूची, जिथून कुणी जात नाही अशी चार-पाच फूट जागा मागा, आणि तिथल्या नेच्यांचे बीजाणू पिकून पडेपर्यंत, म्हणजे निदान डिसेंबरपर्यंत, हात लावू नका म्हणा. पायऱ्या आणि चालायच्या वाटेवरचं शेवाळ मात्र काढायलाच हवं, तिथे म्हातारी माणसं घसरतात. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं पक्ष्यांच्या विष्ठेतून भिंतीत रुजतात, ती ठेवली तर भिंत फुटते. ती चार पानांची असतानाच, पाऊस पडून सांधा मऊ झाला की, मुळासकट अलगद ओढून काढा. मूळ तुटलं नाही तर कुंडीत लावा, सावलीत ठेवा, आणि पुढच्या मृगाला गावच्या गायरानात किंवा टेकडीवर, इमारतीपासून, विहिरीपासून आणि पाइपलाइनपासून चांगलं लांब नेऊन लावा. पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी घालावं लागेल.